वायरिंग शिकताना पहिलं सोल्डरिंग आयर्न कोणतं घ्यावं? माझा कौल

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. हौस म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचं वायरिंग शिकायचं असेल तर पहिलं आयर्न (सोल्डर हा सहज वितळणारा मिश्रधातू वितळवून वायरी जोडायचं अवजार) तापमान धरून ठेवणारं घ्या, 50 ते 65 वॅटचं घ्या आणि त्याला दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचं चपटं बिट, म्हणजे पुढचं तापणारं टोक, लावा. घरात 65 वॅटचा यूएसबी-सी चार्जर आधीच असेल तर पाइनसिल व्ही2. टेबलाशी बसून थेट भिंतीतल्या सॉकेटवर काम करायचं असेल तर हक्को एफएक्स-600. कामाची कायमची जागा लावायचं ठरलंच असेल तर हक्को एफएक्स-888डी. साधं, तापमानावर काही ताबा नसलेलं 25 वॅटचं आयर्न मात्र नवशिक्याच्या हातात देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. ते का, हे सांगायलाच मुख्यतः लिहायला बसले.

मी खेळणी दुरुस्त करते. गाणारी अस्वलं, दिवे लागणाऱ्या गाड्या, रिमोटवरच्या बोटी, बटण दाबलं की अक्षर बोलणाऱ्या पाट्या. यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: कुठेतरी वायर सुटलेली असते. कधी बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्टीपासून, कधी स्विचच्या पायापासून, कधी स्पीकरच्या मागून. त्यामुळे माझं काम म्हणजे वायर धातूला जोडणं, नाहीतर वायर वायरला जोडणं. पीसीबीवरचं, म्हणजे छापील सर्किटच्या पाटीवरचं, बारीक काम क्वचित येतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आयर्नबद्दलचा बराचसा सल्ला पीसीबी डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो, आणि वायरिंग करणाऱ्याची अडचण वेगळी असते. पीसीबीवरचा छोटा पॅड, म्हणजे सोल्डर लावायचा तांब्याचा ठिपका, चटकन तापतो. बॅटरीची पट्टी, मोठ्या स्विचचा पाय, डीसी जॅकचं टर्मिनल किंवा जाडसर वायर, यांना तापवायला बरीच जास्त उष्णता लागते आणि ती थोड्या वेळात लागते.

बॅटरीच्या कप्प्याचंच घ्या. तिथली स्प्रिंग आणि पट्टी बहुधा पोलादाची असते, वरून निकेलचा मुलामा. ती बसलेली असते प्लास्टिकच्या खाचेत. जुनी बॅटरी पाझरली असेल तर वर पांढरट थर साचलेला असतो. आधी तो खरवडायचा, पट्टीचा कोपरा बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचा आणि त्यावर थोडा फ्लक्स, म्हणजे धातू साफ करून सोल्डर पसरायला मदत करणारा पदार्थ, लावायचा. मग बिट टेकवून तेवढ्या कोपऱ्यावर सोल्डरचा पातळ थर चढवायचा. वायरचं टोक वेगळं टिन करून घ्यायचं, म्हणजे त्यावरही सोल्डरचा थर चढवायचा. शेवटी दोन्ही एकत्र आणून क्षणभर बिट टेकवायचं. आयर्न चांगलं असेल तर दोन-तीन सेकंदांत सोल्डर पट्टीवर पसरतं, त्याच्या कडा पातळ होत जातात, वायर आत बुडते आणि काम झालं. प्लास्टिकपर्यंत उष्णता पोचायच्या आत बिट उचललेलं असतं.

हेच काम अशक्त आयर्नने करून पाहा. बिट टेकवलं की त्यात साठलेली उष्णता पट्टी ओढून घेते, बिटाचं तापमान कोसळतं आणि मागच्या हीटरला ती तूट भरून काढता येत नाही. सोल्डर अर्धवट वितळतं, गोळा होऊन बसतं, पट्टीला धरत नाही. मग आपण बिट तसंच दाबून धरतो. पाच सेकंद, दहा सेकंद. एवढ्या वेळात उष्णता सगळ्या पट्टीत पसरून खालच्या प्लास्टिकपर्यंत जाते. खाच मऊ पडते, पट्टी तिरकी होते आणि नंतर बॅटरी घातली तरी नीट टेकत नाही. वायरचं पीव्हीसी आक्रसून मागे सरकतं, तांबं उघडं पडतं. नवशिक्याला वाटतं की आपण जास्तच तापवलं, पुढच्या वेळी आणखी कमी वॅटचं आयर्न घ्यावं. प्रत्यक्षात आयर्न कमी पडलं म्हणून वेळ लागला, आणि वेळ लागला म्हणून प्लास्टिक गेलं. ‘कमी वॅटचं घ्या, म्हणजे काही जळायची भीती नाही’ हा सल्ला मी किती जणांना मिळालेला पाहिलाय! वायरिंगच्या कामात तो साफ चुकीचा आहे.

गोंधळ होतो तो वॅट आणि तापमान एकच समजल्यामुळे. साध्या आयर्नमध्ये हीटर सतत चालू असतो. आत येणारी उष्णता आणि हवेत निघून जाणारी उष्णता जिथे सारखी होते, तिथे तापमान थांबतं. म्हणून स्टँडवर रिकामं पडलेलं 25 वॅटचं आयर्नसुद्धा 400 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं. तेवढ्यात बिट काळं पडतं, आणि काळ्या बिटाला सोल्डर चिकटत नाही. कामाला लावलं की तेच तापमान झरकन खाली येतं. नको तेव्हा जास्त आणि हवं तेव्हा कमी, असा हा कारभार. नियंत्रित आयर्नमध्ये बिटाजवळ सेन्सर असतो. 330 वर लावलं की रिकामं असताना हीटर जेमतेम चालतो. बिट थंड धातूला टेकलं की पूर्ण ताकद सुटते. म्हणजे 60 वॅट ही हाताशी ठेवलेली शिल्लक आहे, गरज पडली तरच खर्च होणारी. 330 वर लावलेलं 60 वॅटचं आयर्न हे रिकाम्या पडलेल्या 25 वॅटच्या आयर्नपेक्षा थंड असू शकतं, ही गोष्ट लक्षात आली की खरेदीचा अर्धा प्रश्न सुटतो.

ही सोय काही अलीकडची नाही. वेलरच्या मॅग्नास्टॅट आयर्नमध्ये डिजिटल असं काहीच नव्हतं. बिटाच्या मागच्या टोकाला एका खास मिश्रधातूचा तुकडा असे. थंड असताना तो चुंबकाला ओढून घेई आणि स्विच चालू राही. ठरावीक तापमानाला पोचला की त्याचं चुंबकत्व जाई, चुंबक सुटे आणि ‘टक्’ आवाज होऊन हीटर बंद होई. तापमान बदलायचं तर बिट बदलायचं. बिटाच्या मागे 7 आकडा असला तर 700 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 370 सेल्सिअस. असं एखादं जुनं, चालू स्थितीतलं आयर्न कोणी देत असेल आणि त्याची बिटं मिळत असतील, तर बिनधास्त घ्या. मला तो ‘टक्’ आवाज फार आवडतो, कारण आयर्न काय करतंय ते कानाला कळतं.

आता एक सावधगिरी. हँडलवर फिरकी आहे म्हणजे तापमानावर ताबा आहे, असं धरून चालू नका. मी ऑनलाइन मागवलेल्या एका आयर्नवर 200 ते 450 असे आकडे ठळक छापलेले होते. हँडल उघडलं तर आत फक्त पंख्याच्या रेग्युलेटरसारखं डिमर सर्किट, सेन्सरचा पत्ता नाही. म्हणजे फिरकी फिरवून वीज कमी-जास्त होत होती, तापमान कोणी मोजतच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे प्लगला तीन पिना होत्या, पण अर्थिंगची वायर बिटापर्यंत पोचलेलीच नव्हती. कंपनीचं नाव लिहीत नाही. असा माल अनेक नावांनी विकला जातो.

हे ओळखायला हँडल उघडायची गरज नाही. आयर्न तापू द्या आणि त्यावरचा दिवा बघा. खरं नियंत्रण असेल तर ठरलेलं तापमान आलं की बहुतेक आयर्नचा दिवा लुकलुकायला लागतो किंवा विझतो, आणि बिट ओल्या स्पंजला लावलं की पुन्हा पेटून राहतो. डिमरवाल्याचा दिवा कशानेच हलत नाही, सतत पेटलेला. दुसरी तपासणी मल्टिमीटरने: आयर्न थंड असताना, प्लग काढलेला असताना, प्लगची अर्थिंगची पिन आणि बिट यांच्यामधला रोध मोजा. तीन पिनांच्या आयर्नमध्ये तो काही ओहमच्या आत यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर ते आयर्न परत करा. मॉसफेटसारखे नाजूक भाग असोत नसोत, घरच्या विजेवर चालणाऱ्या, हातात धरायच्या धातूच्या वस्तूचं अर्थिंग खोटं असणं मला तरी मान्य नाही.

पाइनसिल हे पाइन64 चं आयर्न 2020 मध्ये आलं आणि व्ही2 आवृत्ती 2022 मध्ये. हातात घेतलं की पहिली लक्षात येते ती लांबी. बोटं आणि बिटाचं टोक यांच्यातलं अंतर कमी आहे. पेन निबेपासून लांब धरून लिहिलं तर अक्षर जसं हलतं, तसंच लांबुडक्या आयर्नचं टोक थरथरतं; इथे तसं होत नाही. हीटर आणि सेन्सर दोन्ही बिटाच्या आतच असल्यामुळे ते चटकन तापतं आणि पट्टीला टेकवल्यावर चटकन सावरतं. पुरेसा चार्जर असेल तर पंधरा सेकंदांच्या आत सोल्डर वितळायला लागतं. काही वेळ हललं नाही तर ते आपोआप तापमान उतरवतं, आणि हा वेळ व उतरलेलं तापमान दोन्ही आपल्याला ठरवता येतं. विसराळू माणसासाठी हे एकटं वैशिष्ट्य पुरेसं आहे. बिटाचं आयुष्य वाढतं ते वेगळंच.

पण ‘पुरेसा चार्जर’ हे दोन शब्द नीट वाचा. सोबत चार्जर येत नाही, आणि आयर्नची ताकद सगळी चार्जरवर अवलंबून असते. हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग भागिले बिटाचा रोध. नेहमीचं लांब बिट सुमारे 8 ओहमचं असतं. लॅपटॉपचा 20 व्होल्ट देणारा चार्जर लावला तर 50 वॅट मिळतात. 12 व्होल्टवर 18 वॅट. फोनच्या छोट्या चार्जरने 9 व्होल्टच दिले तर जेमतेम 10 वॅट. त्याच आयर्नने एक जण खूश असतो आणि दुसरा ‘पट्टी तापतच नाही’ म्हणून वैतागतो, त्यामागे बहुतेकदा हाच फरक असतो. व्ही2 ला चालणारी आखूड बिटं साधारण 6.2 ओहमची असतात. 20 व्होल्टवर ती 64 वॅटच्या घरात जातात, आणि तो प्रवाह 65 वॅटच्या चार्जरला बरोबर झेपतो. चार्जरवर 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर असं लिहिलंय का, ते वाचून घ्या. ते नसेल तर चार्जरचा खर्च आयर्नमध्ये धरूनच तुलना करा.

केबलचंही तसंच. नेहमीची यूएसबी-सी केबल ताठ असते आणि हलकं आयर्न ती स्वतःच्या मनाने वळवते. सिलिकॉनचं आवरण असलेली मऊ केबल घ्यावी. ती हाताला जाणवत नाही आणि चुकून गरम बिट लागलं तरी वितळत नाही. स्टँडही वेगळा घ्यावा लागतो, आणि तो जड घ्या. हलका, तारेचा वाकवलेला स्टँड केबलच्या ओढीने आयर्नसकट सरकतो.

हक्को एफएक्स-600 बद्दल कमी लिहिण्यासारखं आहे, आणि ते मी कौतुकाने म्हणतेय. 50 वॅट, सिरॅमिक हीटर, हँडलवर 200 ते 500 अंशांची फिरकी, आत खरा सेन्सर. टेबलावर वेगळा नियंत्रणाचा डबा नाही, चार्जरचा हिशेब नाही. प्लग लावला की सुरू. माझ्या टेबलावर रोज हेच असतं. हीटर वेगळा आणि बिट त्यावर टोपीसारखं चढवलेलं, अशी रचना असल्यामुळे पाइनसिलइतकं चपळ ते नाही, पण खेळण्यांतल्या वायरींना त्याने कधी कमी पडू दिलं नाही. बिट धरणारा नट अधूनमधून, आयर्न थंड असताना, बोटांनी घट्ट आहे का ते पाहावं. नट ढिला झाला की बिट आणि हीटर यांच्यात हवेची फट पडते आणि उष्णता पुढे जात नाही.

एफएक्स-888डी हे त्याच घराण्यातलं स्टेशन, म्हणजे नियंत्रणाचा डबा वेगळा आणि आयर्न त्याला केबलने जोडलेलं. आकड्यांचा डिस्प्ले, 50 ते 480 अंश, हलकं हँडल, मऊ केबल, सोबत चांगला स्टँड. दोन बटणांनी तापमान बदलायची पद्धत अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. मला फिरकीच बरी वाटते. यातली मोठी सोय अशी की दोन्हींना टी18 मालिकेचीच बिटं लागतात. आज 600 घेऊन बिटं जमवली आणि पुढे 888डी वर गेलात तर बिटं वाया जात नाहीत. ती मात्र खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. नकली बिटं दिसायला तशीच असतात, पण आतून सैल बसतात आणि वरचा मुलामा लवकर उडतो.

बिटाविषयी मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण नवशिक्याचा अर्धा त्रास चुकीच्या बिटाने होतो. अनेक आयर्नबरोबर टोकदार, शंकूसारखं बिट येतं. बारीक टोक पाहून वाटतं, याने नाजूक काम चांगलं होईल. वायरला आणि पट्टीला मात्र त्याचा एक बिंदूच टेकतो, आणि एका बिंदूतून किती उष्णता जाणार? चपट्या बिटाची सपाट कड टेकते, वायर आणि पट्टी दोन्ही एकदम तापतात. 2.4 मिलिमीटर रुंदीचं बिट मी सगळ्यांना सुचवते. हक्कोत ते टी18-डी24, पाइनसिलमध्ये टीएस-डी24. स्पीकरच्या पातळ वायरींपासून बॅटरीच्या पट्टीपर्यंत माझं जवळजवळ सगळं काम त्यावर होतं. त्याची कड उभी धरली तर पीसीबीवरचे नेहमीचे पायही जोडता येतात.

आणि बिटाला कानस लावू नका, पॉलिश पेपरही नको. पूर्वी बिटं निव्वळ तांब्याची असत. कथील तांब्याला हळूहळू खातं, टोकाला खड्डे पडत आणि ती घासून सारखी करावी लागत. जुन्या मेकॅनिकांचा ‘बिट घासून घे’ हा सल्ला तिथून आलाय, आणि त्या बिटांसाठी तो योग्यच होता. आताच्या बिटात तांब्यावर लोखंडाचा थर असतो. तो घासून गेला की आतलं तांबं उघडं पडतं आणि बिट संपलं. पितळी तारेच्या चोथ्यात टोक दोन वेळा खुपसून काढायचं, लगेच ताजं सोल्डर लावायचं, एवढंच. आयर्न बंद करतानाही टोकावर सोल्डरचा थर सोडून बंद करायचं, पुसून नाही.

सोल्डर शिकण्यासाठी सर्वांत सोपं म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं असलेलं, आत रोझिन (झाडाच्या राळेचा) फ्लक्स भरलेलं, 0.8 मिलिमीटर जाडीचं. ते नेमक्या 183 अंशांवर वितळतं आणि मधल्या लगदा अवस्थेत न रेंगाळता घट्ट होतं, त्यामुळे वायर जरा हलली तरी जॉइंट बिघडायची शक्यता कमी. बिट 320 ते 350 वर ठेवावं. वितळायला 183 पुरे असताना एवढं कशाला, असं कोणीही विचारेल. पण बिट आणि काम यांच्या तापमानात अंतर असल्याशिवाय उष्णता वेगाने वाहत नाही. 400 च्या वर नेण्याचा मोह टाळा. फ्लक्स काम करायच्या आधीच जळून जातो आणि सोल्डर रखरखीत दिसायला लागतं.

खेळण्यांत मात्र मी शिशाचं सोल्डर वापरत नाही. मूल खेळणं तोंडात घालतं, कप्पा उघडतं, हाताला येईल ते ओढतं. युरोपात 1 जुलै 2006 पासून विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर मर्यादा आहे आणि त्यात विजेवर चालणारी खेळणीही येतात. कारखान्याने शिसं टाळून बनवलेल्या वस्तूत आपण दुरुस्तीच्या नावाखाली ते घालायचं, हे मला पटत नाही. 99.3 टक्के कथील आणि 0.7 टक्के तांबं असलेलं सोल्डर 227 अंशांवर वितळतं. त्याला आयर्न 350 ते 370 वर लागतं, फ्लक्सही थोडा जास्त लागतो, आणि तयार जॉइंट जरा निस्तेज दिसतो. तो खराब म्हणून पुन्हा तापवत बसू नये. अशक्त आयर्नने शिशाचं सोल्डर तरी कसंबसं वितळवता येतं, पण या सोल्डरपुढे ते पार हतबल होतं. मुलांच्या वस्तू दुरुस्त करायच्या असतील तर नियंत्रित आयर्नला पर्याय नाही, तो यामुळे.

फ्लक्स वेगळा घेताना डब्यावर रोझिन किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठी असं लिहिलेलं पाहा. नळांच्या कामाचा ॲसिड फ्लक्स सोल्डर झकास पसरवतो आणि मग आतून वायर खात राहतो. सोल्डरिंग करताना जो धूर नाकात जातो तो मुख्यतः रोझिनचा असतो. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही म्हणता येईल इतकी कमी होते, पण रोझिनचा धूर दम्याला कारण ठरतो, तेव्हा खिडकी उघडा आणि छोटा पंखा धूर बाजूला नेईल असा ठेवा. शिसं हातावरून तोंडात जातं. काम करताना काही खायचं नाही, उठल्यावर साबणाने हात धुवायचे.

वायरला वायर जोडताना श्रिंक स्लीव्ह (तापवली की आक्रसून जोड झाकणारी नळी) आधी घालून घ्या आणि जोडापासून चांगली लांब सरकवा. जवळ ठेवली तर तिथल्या तिथे आक्रसते. दोन्ही टोकं सेंटीमीटरभर सोलायची, एकमेकांना आडवी टेकवून मधोमध एक पीळ द्यायचा, मग प्रत्येक टोक समोरच्या वायरीवर घट्ट गुंडाळायचं. टेलिग्राफच्या तारा याच पद्धतीने जोडत. ताण पीळ घेतो, सोल्डर फक्त त्याला पक्कं करतं. बिट खालून टेकवा, सोल्डर वरून द्या. वरचं सोल्डर स्वतःहून आत ओढलं गेलं की जोड पुरेसा तापलाय असं समजा आणि बिट काढा. जास्त वेळ धरलं तर सोल्डर आवरणाच्या आत चढत जातं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि वायर पुढे नेमकी त्या ताठ भागाच्या टोकाला तुटते. खेळण्यांत मी पाहते त्या तुटलेल्या वायरींत ही जागा वारंवार सापडते. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरीला तर टिन करूच नका. दाबाखाली मऊ सोल्डर हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. तिथे वायरच्या टोकावर फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवा.

भाचीने नुकतंच विचारलं, ‘मावशी, एकच नाव सांग, कोणतं घेऊ?’ तिच्याकडे लॅपटॉपचा 65 वॅटचा चार्जर आहे, कायमचं टेबल नाही, काम झालं की सगळं पेटीत जाणार. तिला पाइनसिल व्ही2 सांगितलं. सोबत डी24 बिट, सिलिकॉनची केबल, जड स्टँड, पितळी चोथा, 0.8 चं सोल्डर आणि फ्लक्सचं पेन. वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा डिसोल्डर पंप पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. तिने दिव्यांचं एक किट आधीच मागवून ठेवलंय. ते थोडे दिवस बंदच राहू दे म्हटलं. जुन्या, बंद पडलेल्या चार्जरची वायर तोडून तिचे तुकडे कर, प्लगशी काही संबंध नको, आणि ते एकमेकांना जोडत जा. प्रत्येक जोड थंड झाल्यावर दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहा. जोड सुटला तर पीळ सैल होता, सोल्डर वरवर गोळा होऊन बसलं असेल तर जोड तापला नव्हता. असे जोड सहज यायला लागले की माझ्याकडच्या बॅटरीच्या कप्प्यांपैकी एक देईन, पट्टी घासून टिन करायला.